दोघी विहिणी एकाच दिवशी नापास

विहीणबाई, आधी मी बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं, ही आपली जुनी रीत. आजही तीच चालवते. फक्त आज तुम्ही पदर तोंडाला लावून हसणार नाही, म्हणून जरा अवघडल्यासारखं झालंय.

बालवाडीच्या बायका तुमच्या नावानं छोटीशी स्मरणिका काढतायत. त्यांनी मला सांगितलं, "तुमी विहीण, तुमीच लिवा." वर हेही सांगितलं की नाव, गाव, शिक्षण, लेकरंबाळं असं सगळं यायला पाहिजे. नाव लिहिलं, गाव शिरड शहापूर लिहिलं. शिक्षणापाशी आले आणि बसले गालाला हात लावून. काय लिहू? 'बी. ए. नापास' लिहू? लिहिलं तर खोटं नाही, पण खरंही नाही. शेवटी तो कागद सुनेच्या, रेखाच्या हातात दिला. म्हटलं, तुझ्या आईचं हे तू भर, मी माझ्या विहिणीशी जरा बोलून घेते.

तर बोलते. माझ्या प्रकाशचं आणि तुमच्या रेखाचं लग्न तुमच्या दारात झालं. त्या दिवशीची मी आठवले की अजून कान तापतात. जरीचं लुगडं, नाकात ही एवढी नथ, आणि मान अशी ताठ की समोरचा माणूस दिसायला खाली बघावं लागे. विहिणीच्या पंगतीला तुम्ही मला पाटावर बसवलंत, ताटाभोवती रांगोळी काढलीत. रांगोळीत मोर होता. मी घासाला हात लावीना. बायका म्हणाल्या, काय झालं? मी म्हणाले, "मोराची पाठ माझ्याकडं काहून?" रांगोळीतल्या मोरावर रुसणारी वरमाई आख्ख्या परभणी जिल्ह्यात मी एकटीच असेन. तेव्हा आपण परभणीतच होतो, हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. तुम्ही खाली वाकलात, हातानं मोर पुसलात, पुन्हा काढलात. या वेळी तो माझ्याकडं तोंड करून बसला. मग मी जेवले. माझं झाल्यावर तुम्ही पहिला घास घेतलात.

मुलीच्या आईनं वरमाईच्या आधी जेवायचं नाही, तिच्या आधी बसायचं नाही, चारचौघांत तिच्या आधी तोंड उघडायचं नाही. ही रीत कुणी कुठं लिहून ठेवलेली नाही. तुम्ही ती पाळलीत आणि मी ती पाळून घेतली. लेक माझ्या घरात नांदत होती ना तुमची.

पुढं कळलं की तुम्ही बाहेरून बारावी दिलीत आणि आता वसमतला कॉलेजात नाव घालताय. आमच्या ह्यांनी ती बातमी मला अंगणात येऊन, हळदीच्या ढिगाशी उभं राहून सांगितली. "तुझी विहीण बीए होणार म्हणं."

"मंग? मी काय गवत उपटू?" मी म्हणाले.

बारावी मीही देऊन ठेवली होती, नुसती हौस म्हणून. कॉलेजला पोरं कमी पडत होती आणि प्राचार्य गावोगाव फिरून नावं गोळा करत होते. त्यांना आपण दोघी आयत्या सापडलो. तुम्ही शिरडहून बसनं यायच्या, मी कुरुंद्याला त्याच बसमध्ये चढायची. तुम्ही शिकायला येत होतात. मी तुमच्यावर नजर ठेवायला येत होते. हे मी त्या वेळी स्वतःलाही कबूल केलं नसतं, पण आता माझ्याच त्या कालच्या बाईची लाज राखायची मला काही गरज वाटत नाही.

वर्गात सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. आपल्या नातीचं, मुक्ताचं बारसं नुकतंच झालेलं, म्हणजे आपण दोघी आज्याच. पण पहिल्याच दिवशी एक पोरगं मला म्हणालं, "आजी, सरका जरा." मी कडाडले, "आजी आसंल तुझी माय!" वर्ग असा हसला की खिडकीतली चिमणी उडाली. तुम्ही हळूच त्या पोराला म्हणालात, "त्यास्नी ताई म्हणत जा बाबा. आजी मला म्हण." त्या दिवसापासून आपल्या वर्गात एक ताई आणि एक आजी. वयानं मी तुमच्याहून मोठी होते. तुम्ही तेवढंही मला सोडून दिलंत.

सक्तीचं इंग्रजी शिकवायला आपल्याकडं परदेशातून मास्तर येत, त्याचा कॉलेजला केवढा तोरा होता! पहिल्या वर्षी डेव्हिड सर आले. गोरेपान, लांबलचक, खुर्चीत बसले की गुडघे टेबलाच्या वर. त्यांनी निबंध घातला, 'माझी आजी'. आपण सगळ्यांनी गाइड आणलं, पाठ केलं, उतरवलं. आपल्याकडं अभ्यास म्हणजे तोच की. निकाल लागला तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाची आजी खेड्यात राहत होती, चंदेरी केसांची होती आणि रोज एक सफरचंद खात होती. सरांनी सगळ्यांना नापास केलं. त्यांना वाटलं, आपण एकमेकांचं बघून लिहिलं. आपल्याला कळेना की एवढं चोख पाठ करूनही हा माणूस चिडला काहून. राठोडांची सविता तर रडत म्हणाली, "सर, एक स्पेलिंग तरी चुकलंय का बघा!" उन्हाळा लागला आणि सर निघून गेले. उन्हानं गेले की आपल्यानं, ते देवाला ठाऊक.

मग हेलन मॅडम आल्या. पंजाबी ड्रेस, खाली बूट, आणि ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी गळत असताना "गुड, गुड" म्हणणारी बाई. त्यांनी बाकडी हलवून गोल मांडायला लावली. पोरं-पोरी समोरासमोर. सगळे माना खाली घालून बसले. गाइड बंद, लिहून देणं बंद. त्या विचारायच्या, तुला काय वाटतं? आता मला सांगा, आपल्याला जन्मात कुणी विचारलं होतं का, तुला काय वाटतं म्हणून? त्यांनी मला विचारलं, नातवंडं किती. मी उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "यस मॅडम!" दुसरं काय विचारलं तरी माझं उत्तर तेच. वर्षभर मी त्या बाईला कशाकशाला होकार दिलाय, मला माहीत नाही.

तुमचं तसं नव्हतं. बालवाडीत चिमुकल्या लेकरांशी हातवारे करून बोलायची सवय तुम्हाला. तुम्ही चुकायला भ्यालाच नाहीत. हेलन मॅडमनं घरचं विचारलं की तुम्ही सांगत सुटायच्या, "माय हाऊस स्मॉल. वन सन, वन डॉटर. डॉटर मॅरेज फिनिश. हसबंड, गॉड हाऊस." असं म्हणून वर बोट. मॅडमचे डोळे भरायचे. मी तुमच्या कानात म्हणायचे, "काय मोडकंतोडकं बोलून राहिल्या विहीणबाई, लोक हसतात." हसत कुणी नव्हतं. हसत होते ती मी. मग तुमचं मोडकं हळूहळू जुळत गेलं. बसमध्ये तुम्ही खिडकीतून दिसेल त्याचं इंग्रजी करायच्या, बैल, बाभळ, पाण्याची टाकी, आणि मला म्हणायच्या, "तुमी पण म्हणा ना." मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. कानानं मात्र सगळं ऐकायची.

त्या सुमाराला सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणायचं ठरवलं. संस्थेच्या प्राथमिक शाळेला लहान लेकरांना इंग्रजी शिकवणारी बाई पाहिजे होती. प्राचार्यांनी वर्गात येऊन सांगितलं, हेलन मॅडमच्या तोंडी परीक्षेत जी पास होईल तिचं नाव मी पुढं पाठवीन. सगळ्या वर्गानं तुमच्याकडं पाहिलं. बालवाडीत पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, ही धाकधूक तुम्हाला दर वर्षी. मुलगा अजून शिकत होता. ती जागा मिळती तर तुमचा पाय जमिनीला लागला असता. त्या दिवशी बसमध्ये तुम्ही बैल-बाभळ काही केलं नाहीत. नुसत्या बाहेर बघत होतात आणि तुमचे ओठ हलत होते.

मला ती नोकरी नको होती. घरी हळदीचं एवढं खटलं, मी कुठं लेकरांपुढं नाचू? मला फक्त तुम्ही पास आणि मी नापास हे नको होतं. गावात काय तोंड दाखवू? सुनेनं मनात काय म्हणावं? हे असलं माझं डोकं. बीएच्या वर्गात बसवलं तरी ते पंगतीच्या पाटावरून उठायला तयार नव्हतं.

तोंडी परीक्षा जोडीजोडीनं होती. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांशी गप्पा मारायच्या, मॅडम ऐकणार. जोड्या त्यांनी स्वतः लावल्या. आपल्या दोघींना म्हणाल्या, "यू टू आर फॅमिली!" त्या बिचारीला वाटलं, घरची माणसं आहेत, मोकळेपणी बोलतील. एवढ्या लांबून आली, एवढी शिकली, पण दोन विहिणींना समोरासमोर बसवून मोकळं बोला म्हणायचं नसतं, हे तिला कोण सांगणार?

खोलीत मॅडम, बाजूला प्राचार्य, मध्ये आपण दोघी. मॅडम म्हणाल्या, करा सुरू, कुणीही करा. मी एक वाक्य घोकून आले होते, आज हवा फार छान आहे म्हणून. खुर्चीत बसले आणि ती हवा डोक्यातून निघून गेली. मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिले. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मॅडमनं पुन्हा सांगितलं. मी नकाशा, तुम्ही मी. मग मॅडम पुढं वाकून म्हणाल्या, "सुमन, यू स्टार्ट."

तुम्ही खाली मान घालून हसलात, माझ्याकडं हात केलात आणि म्हणालात, "शी फर्स्ट, मॅडम. शी इज माय डॉटर्स मदर-इन-लॉ."

एवढं खणखणीत बिनचूक वाक्य त्या वर्षी आपल्या वर्गात कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मॅडमला वाक्य कळलं, पण त्यातलं काहीच कळलं नाही. त्या म्हणाल्या, "यस, आय नो. सो?" प्राचार्यांना मात्र सगळं कळलं. तेही दोन लेकी दिलेला माणूस. ते खाकरले आणि माझ्याकडं बघितलं. एक शब्द पुरे होता, विहीणबाई. 'बोला' म्हणायचं होतं मी. मराठीतूनच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी पदर सारखा केला.

वेळ संपली. हेलन मॅडमनी दोघींना नापास केलं. दुसरं काय करणार? एक बोलेना म्हणून आणि दुसरी ती बोलेना म्हणून बोलेना.

बाहेर लिंबाखाली मॅडम आपल्या मागं आल्या. चेहरा लालबुंद. तुमचा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "कम टुमॉरो. इलेव्हन ओ'क्लॉक. अलोन." वर्षभरात मला पूर्णच्या पूर्ण समजलेलं ते एकमेव इंग्रजी. शेवटचा शब्द तर फारच समजला.

स्टँडवर आपण शेंगदाणे खात उभ्या होतो. मी म्हणाले, "विहीणबाई, उद्या आमच्याकडं हळद शिजवायला घेतो. कढई लावलेली हाय. रेखा एकटी काय काय करंल?"

"उद्याच?" तुम्ही विचारलंत.

"उद्याच."

हळद परवा शिजली असती. तेरवा शिजली असती. काढून ठेवलेली हळद एका दिवसानं काही पळून जात नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं, शेतकऱ्याच्याच घरच्या तुम्ही. तुम्ही हातातली टरफलं खाली टाकलीत, हात झटकलात आणि म्हणालात, "येते की. लेकीचं घर हाय."

आलात. सकाळच्या पहिल्या बसनं आलात. मला वाटतं ती साडी तुम्ही परीक्षेसाठी काढली असणार, निळी, बारीक काठाची. कारण हळद शिजवायला असली साडी कुणी नेसत नाही. कढईवर पाला झाकलेला, वाफ अशी की पलीकडचं माणूस दिसेना. रेखानं विचारलं, "आई, तुझी परीक्षा व्हती ना आज?" वाफेतून तुमचा आवाज आला, "झाली की गं काल." मी जाळ सारत होते. जाळाला लागत नव्हतं तरी सारत होते.

ती जागा नांदेडकडच्या एका पोरीला मिळाली. हेलन मॅडम उन्हाळ्यात परत गेल्या. आपण दोघींनी कॉलेज सोडलं. तुम्ही बालवाडीतच राहिलात, धाकधुकीसकट.

आणि मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला. मला किस्से सांगायची भारी खोड, तुम्हाला माहीत आहे. बारशात, लग्नात, डोहाळजेवणात, चार बायका जमल्या की मी सुरू, "अवं, आमी दोघी विहिणी इंग्रजीत एकाच दिवशी नापास! ही माझ्याकडं बघून राहिली, मी भिंतीकडं बघून राहिले, मॅडम आमच्याकडं बघून राहिली!" नकला करून सांगायची मी. प्राचार्यांचं खाकरणंही करायची. बायका लोळायच्या. तुम्ही पदर तोंडाला लावून हसायच्या. शिरडला तुमच्या अंगणात, तुमच्या शेजारणींपुढं मी तो किस्सा कितीदा सांगितला. लिंबाखालचं आणि स्टँडवरचं तेवढं गाळून.

एकदाच आपण त्यावर भांडलो, आणि तेही अर्धवट. मुक्ता दुसरीला होती. तुम्ही तिला ओसरीवर इंग्रजी वाचायला शिकवत होतात आणि पोर खडाखडा वाचत होती. मला काय वाटलं कोण जाणे, कौतुक करायचं तर मी म्हणाले, "त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर पास झाल्या असत्या तुमी. काहून न्हाई बोलल्या?"

तुम्ही मुक्ताला पाणी आणायला आत पाठवलंत. मग म्हणालात, "तुमी मला 'बोला' म्हणल्या असत्या तर?"

"मी काहून म्हणू? तोंड तुमचं."

तुम्ही शेंगा निवडत होतात. "व्हय," म्हणालात, "तोंड माझंच व्हतं." आणि मुक्ता पाणी घेऊन आली. त्या भांडणाला पुढचा शब्द कधी मिळालाच नाही. मी जिंकले, असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

तुमचं ऋण सांगायचं तर तेही त्याच रीतीतून आलेलं. आमचे हे गेले तेव्हा मी अन्न सोडलं होतं. प्रकाशनं सांगून बघितलं, रेखानं बघितलं. तुम्ही आलात, दोन ताटं वाढून घेतलीत, एक माझ्यापुढं, एक तुमच्यापुढं, आणि बसलात. मी जेवेना, तुम्हीही जेवेनात. दुपार टळली. तुमच्या पोटातलं गुरगुरणं मला ऐकू येत होतं. मी चिडून म्हणाले, "जेवा ना तुमी!" तुम्ही म्हणालात, "तुमच्या आधी कशी जेवू?" आणि इतक्या साळसूद चेहऱ्यानं म्हणालात की मला त्या दुःखातही हसू फुटलं. मी घास घेतला. रीत कशासाठी वापरायची हे तुम्हाला कळत होतं. मला नुसती रीत कळत होती.

दवाखान्यात मी आले होते. नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले. मी मुक्ताच्या मार्कांचं सांगितलं, हळदीचं सांगितलं, पलंगाची चादर सारखी केली. जे सांगायला आले होते त्याच्या आसपास घिरट्या घातल्या, आणि नर्सबाईनं "चला आजी, वेळ झाली" म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. या वेळी आजी म्हटल्याचा रागही आला नाही. मुकाट्यानं बाहेर आले.

आता तेराव्याचं सांगते. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं.

जेवणं झाली होती. बायका तुमच्या ओसरीवर बसल्या होत्या. कुणीतरी वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालं, "ताई, तुमचा आन् सुमनचा तो परीक्षेचा किस्सा सांगा की. तिला लई आवडायचा." मी सुरू केलं. भिंत, नकाशा, मॅडम. बायका हसायला लागल्या. मग मी तुमच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि माझी नक्कल तिथंच थांबली. मी म्हणाले, "ह्याच्या पुढचं मी कधी सांगितलं न्हाई. मॅडमनं तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं व्हतं. एकटीला. मला समजलं व्हतं ते. मी तिला हळद शिजवायला बोलावून घेतलं. मी नापास झाले ते झाले. तिला मी नापास केलं."

मला वाटलं, आता ओसरी थंड पडेल. कुणी तोंडावर हात ठेवील, कुणी मला दोन शब्द सुनावील. तयारी केली होती मी.

तुमची थोरली जाऊ पानाला चुना लावत होती. चुना लावतच म्हणाली, "आम्हाला म्हायीत हाय की."

"काय म्हायीत हाय?"

"ती गोरी मॅडम त्या दिवशी आटो करून इथं आलती ना. तुमच्या विहिणीची वाट बघून बघून आलती. सुमन कुठं, सुमन कुठं, करून दारोदार हिंडली. आम्ही सगळ्यांनी हातानं करून दाखवलं, कढई, जाळ, हळद. तिला काय समजंना. ह्या वट्यावर बसून रडली बाई ती."

मी म्हणाले, "मंग मी किस्सा सांगायची तवा तुमी हसायच्या काहून?"

जावेनं पान तोंडात टाकलं. "सुमननंच सांगितलं व्हतं. विहीणबाई सांगतील तवा पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसा म्हणली. माझी लेक तिथं नांदती."

आठ वर्षं, विहीणबाई! आठ वर्षं मी आख्ख्या शिरडपुढं नकला करत होते आणि आख्खं शिरड सगळं माहीत असून पोट धरून हसत होतं, तुमच्या सांगण्यावरून. मी स्वतःला मोठी मिश्कील समजत होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यावरच केवढा डाव टाकलात, आणि तोही माझं तोंड राखायला. मला राग यावा की रडू यावं, कळेना. त्या ओसरीवर माझ्या तोंडाला जे आलं ते दोन्ही नव्हतं. ती शरम होती.

बसनं मी आणि रेखा कुरुंद्याला परत आलो. रेखा खिडकीतून बाहेर बघत होती. आमची रेखा फार बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून नाही. मी सगळ्यांना सांगत आले, सून गुणाची, पण अबोल. स्वभावच आहे तिचा. त्या बसमध्ये पहिल्यांदा मला शंका आली की स्वभाव कसला. ती वाट बघत असेल. तुम्ही त्या खोलीत बघत होतात तशी.

म्हणून काल सकाळी मी एक केलं. आमच्या घरात सकाळचा चहा मी करते, तो हक्क मी अजून सोडलेला नाही, आणि चहा पिताना दिवसभराचं मीच बोलते. काल चहा दिला आणि गप्प बसले. विहीणबाई, किती जड जातं हो ते! जिभेला मुंग्या आल्या. रेखानं एकदा माझ्याकडं बघितलं, दोनदा बघितलं. तिला वाटलं, मला बरं नाही. मी नुसतीच बसून राहिले. मग म्हणाले, "बोल गं."

ती कपाकडं बघत राहिली. तुमच्यासारखीच खाली मान. मला वाटलं, आता तुमचं काढेल, हळदीचं काढेल. काढ म्हटलं मनात, मी ऐकते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचा चहा लई गोड असतो. मला न्हाई आवडत."

लग्नापासून पीत आली हो ही! तेव्हापासून रोज सकाळी कप रिकामा करून ठेवत आली. मी काही बोलले नाही. ती थोडा वेळ थांबली, मी रागावले का ते बघितलं, आणि मग पुढचं बोलायला लागली.